राहणाऱ्याचं म्हणणं

रविवारी सकाळी आई आली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उकिडवी बसून एका फरशीकडे बघत होते. गुरुवारी, मी दात घासत असताना, फटाका फुटावा तसा आवाज झाला होता आणि ओट्यासमोरची एक फरशी आपल्या जागेवरून बोटभर वर आली होती. वर काही पडलं नव्हतं, जवळ कुणी उभं नव्हतं. एका कडेनं ती अजून जमिनीला धरून होती आणि दुसऱ्या कडेखाली अंधार दिसत होता. तीन दिवस मी तिला वळसा घालून चालत होते. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर आईलाच सांगायचं, कारण ही इमारत बांधणाऱ्या कंपनीत तिनं एकतीस वर्षं काढली होती आणि एकतीस वर्षं एकच काम केलं होतं: घर घेतलेल्या माणसांच्या तक्रारी ऐकायच्या, जाऊन बघायच्या, मिटवायच्या. नेमकं म्हणूनच सांगितलं नव्हतं.

“कधी उडाली?” चपला काढता काढता तिनं विचारलं.

“तुला कुणी सांगितलं?”

“कंपनीच्या मिस्त्रींनी. खालच्या मजल्यावरही दोन उडाल्यात. सगळी रांग एकाच्याच हातची, घाईत बसवलेली. गुरुवारची ना?”

“हो.”

“आज रविवार.”

“कामात होते.”

“तीन दिवस?”

“फरशी कुठे पळून जात नव्हती.”

“पळायलाच तर निघाली होती बिचारी,” ती म्हणाली, आणि स्वतःच्याच विनोदावर हसत तिनं खांद्यावरची काळी पिशवी खुर्चीवर ठेवली. ही पिशवी मी जन्मापासून बघत आले आहे. म्हणजे पिशव्या बदलल्या, पण आतलं सामान तेच. लाकडी दांड्याची लहान हातोडी, खडूची पेटी, ओळंबा, आणि तक्रारींचं पॅड. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी पॅड तिच्याकडेच होतं. एखादा घरमालक कुणाचंच ऐकेनासा झाला की कंपनी अजून तिला बोलवायची. बांधकामावरची माणसं तिला मागे ‘कानवाल्या बाई’ म्हणत आणि तोंडावर नुसतं ‘बाई’.

ती जमिनीवर बसली. सदुसष्टाव्या वर्षी गुडघे मोडून बसायला तिला वेळ लागला आणि मी हात पुढे केला नाही, कारण केला असता तर तिनं तो बाजूला सारला असता. निदान तेव्हा मी स्वतःला असं सांगितलं. मग तिनं डावा तळवा फरशीवर पालथा ठेवला आणि उजव्या हातातल्या हातोडीच्या दांड्यानं त्याच्या शेजारी टकटक केली. एक फरशी, दुसरी, तिसरी. मला आठवत होतं की पूर्वी ती तळवा ठेवत नसे. पूर्वी ती मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकत असे, आणि आम्ही श्वास रोखून धरत असू. वय झालं, आधार घेत असेल, असं मनात येऊन गेलं आणि पुढे गेलं. खालचा सिमेंटचा माल नीट बसलेला असला की फरशी छोटा, कोरडा आवाज करते. खाली माल पोचलेलाच नसला की आवाज आत जातो आणि जरा उशिरानं परत येतो, रिकाम्या डब्यासारखा. हे मला ती मी सहा वर्षांची असताना शिकवून गेली होती. गेली होती असं लिहिते, कारण ते शिकवणंही जाता जाताच झालं होतं, एका रविवारी, घरी मला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून तिनं कामावर नेलं तेव्हा. एका अनोळखी घराच्या मोकळ्या खोलीत तिनं माझा कान जमिनीला टेकवला. आधी एक फरशी वाजवली, मग शेजारची. “कळला फरक? ही भरीव. ही पोकळ.” मी विचारलं, पोकळ फरशी मोडते का? ती म्हणाली, “लगेच नाही. वर्षानुवर्षं राहते. दिसायला दोन्ही सारख्याच.”

तक्रार विभागाचा कामाचा दिवस रविवार असतो, हे लोकांना माहीत नसतं. घरमालक रविवारीच घरी सापडतात. म्हणून आमच्या घरात रविवार नव्हता. सोमवारी आई कार्यालयात असायची, तेही ठीक, सगळ्यांच्याच आया किंवा बाबा कुठेतरी जात. पण रविवारी सकाळी इमारतीतल्या इतर घरांतून भांड्यांचे, रेडिओचे, भांडणांचे आवाज येत तेव्हा आमच्याकडे बाबा वर्तमानपत्र वाचत आणि मी त्यांनी वाचून टाकलेली पानं वाचत असे. माझं वाचन तिथून सुरू झालं असावं. आई निघताना दारात थांबायची, पिशवी खांद्यावर घ्यायची आणि विचारायची, “जाऊ ना?” मी म्हणायचे, “जा.” दहा वर्षांची होते तेव्हा एका रविवारी मला ताप होता. कुणाच्या तरी न्हाणीघरातून खालच्या घरात पाणी उतरत होतं आणि ती माणसं फोनवर ओरडत होती. तिनं माझ्या कपाळावर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला आणि विचारलं, “जाऊ ना?” मी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “जा.” ती गेली. संध्याकाळी आली तेव्हा तिच्या बोटांना ओल्या सिमेंटचा वास होता. मला त्या वासाचा राग येत असे, आणि आता मी बांधकामावरून जाताना मुद्दाम सावकाश चालते.

बाराच्या सुमारास माझ्या घरात अकरा वर्तुळं झाली होती. पांढऱ्या खडूची, हातानं काढलेली आणि तरी गोल. स्वयंपाकघरात चार, बाहेरच्या खोलीत पाच, जिन्याकडच्या दाराच्या उंबऱ्याजवळ दोन. मी टेबलाशी मुद्रितं तपासत बसले होते. ते माझं पोटापाण्याचं काम. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुकांभोवती लाल वर्तुळं काढायची. दोघी आपापल्या चुका शोधत होतो आणि कुणी बोलत नव्हतं. खरं तर ती बोलत होती. जुन्या गोष्टी सांगत होती, त्या एका माणसाची, ज्याची तक्रार होती की शेजाऱ्याचं घोरणं भिंतीतून ऐकू येतं. “मी लिहून घेतलं. वाचून दाखवलं. शेजारी घोरतो, रोज, साडेअकरापासून. हेच म्हणायचं होतं ना? तर त्याची बायको म्हणाली, बाई, खरं सांगू का, शेजारी नाही घोरत, हेच घोरतात, आणि स्वतःच्याच आवाजानं उठून भिंत ठोकतात.” ती हसली. मी मुद्रितावरून मान न उचलता “हं” केलं. ही गोष्ट मी पूर्वी ऐकली होती, पण ती कुणाला तरी सांगत असताना, दुसऱ्या खोलीतून.

मग ती माझ्यासमोर येऊन बसली, खुर्ची ओढून, अगदी जवळ. अलीकडे ती फार जवळ बसून माझ्या तोंडाकडे बघत असे. त्या बघण्यानं मला तपासल्यासारखं व्हायचं, आणि मी उठून काहीतरी करायला जायचे. तिनं पॅड उघडलं. त्यावर छापील रकाने असतात: घर क्रमांक, ताबा मिळाल्याची तारीख, पाहणीत आढळलेले दोष, आणि शेवटी एक मोठा चौकोन, ‘राहणाऱ्याचं म्हणणं’. पहिले सगळे तिनं आपल्या सुबक अक्षरात भरले होते. “सांग,” ती म्हणाली.

“काय सांगू? बघितलंस ना सगळं. लिही.”

“मी बघितलं ते वर लिहिलं. हे तुझं.”

“आई, फरशी पोकळ आहे. तुम्ही ती नीट बसवली नाहीत. ह्यात माझं काय म्हणणं असणार?”

“असतं,” ती म्हणाली. “प्रत्येकाचं असतं. लोक फरशीबद्दल बोलायला लागतात आणि भलतंच सांगतात. पण ते त्यांच्या तोंडून यावं लागतं. आपण शब्द पुरवायचे नाहीत. पुरवले की माणूस हो म्हणून मोकळा होतो आणि तक्रार तशीच राहते.”

हा तिचा नियम होता. ऐकायचं, त्यांच्याच शब्दांत लिहायचं, मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि विचारायचं, हेच म्हणायचं होतं ना? कंपनीची बाजू घ्यायची नाही, माफीही मागायची नाही, आधी पुरतं ऐकायचं. तिनं हजारो माणसांचं पुरतं ऐकलं असेल. मी उठले आणि ओट्याकडे जात, पाठमोरीच म्हणाले, “राहू दे रिकामं. चहा टाकते.” मी वळून बघितलं तेव्हा तिनं पॅड मिटलं होतं.

चहा ठेवायला टेबलावर जागा नव्हती. मुद्रितांचा गठ्ठा खुर्चीवर ठेवावा म्हणून मी तिची पिशवी उचलली आणि ती हाताला मऊ लागली. हातोडीची, ओळंब्याची पिशवी मऊ लागत नाही. चेन अर्धी उघडी होती. आत निळा गाऊन होता, घडी करून ठेवलेला. त्याचं वरचं बटण दुसऱ्याच रंगाचं, मीच शिवलेलं. गाऊनवर वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी होती. मी चेन लावली. पिशवी हळूच जमिनीवर ठेवली, एका वर्तुळाच्या बाजूला. ती पलीकडे तोंड करून खिडकीतून बघत होती. तिला कळलं नाही, किंवा कळलं. मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या क्षणी मला सगळं समजलं होतं. ती राहायला आली होती. रविवारी, माझ्याकडे. आणि माझ्या घशाशी दोन शब्द आले, “राहा ना”, आणि त्यांच्यामागून पंचवीसेक वर्षांचे सगळे रविवार आले आणि दारात गर्दी झाली. मला वाटलं, तिनं विचारावं. एकदा तिनं विचारावं, राहू का? एवढ्या लोकांना विचारलं, मला विचारायला काय होतं? मी तिच्या नियमाचा विचारच केला नाही. ती शब्द पुरवणार नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत चहा पीत राहिली, नेहमीपेक्षा सावकाश, आणि मी सोमवारी पोचवायच्या पानांबद्दल काहीबाही बोलत राहिले.

कप विसळून तिनं पालथा घातला. चपला घातल्या. पिशवी खांद्यावर घेतली. दारात थांबली. “मिस्त्री बुधवारी येतील. वर्तुळं पुसू नकोस तोवर. आणि त्या उडालेल्या फरशीची कड धारदार आहे, अनवाणी फिरू नकोस.” मी मान डोलावली. “जाऊ ना?” ती म्हणाली.

मी मान डोलावली.

ती जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. वळली. तिच्या चेहऱ्यावर एक चमत्कारिक भाव होता, कुणीतरी हाक मारली असं वाटून माणूस वळतो तसा. “काही म्हणालीस?” तिनं विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

“बरं.” कठड्याला धरून ती खाली गेली. मी दार लावलं.

बाबा गेल्यापासून आई एकटीच राहायची. सोमवारी सकाळी तिच्या शेजारणीनं दार वाजवलं, मग किल्ली शोधून उघडलं. आई पलंगाच्या कडेला बसल्या जागी कलंडली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, कुणी जवळ असतं तर कदाचित, आणि माझ्याकडे बघून त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. माझं सगळं आयुष्य अर्धी वाक्यं पुरी करण्यात गेलं आहे. ते मी पुरं केलं नाही. तिच्या खोलीत पिशवी खुंटीला होती. गाऊन तिनं बाहेर काढलाच नव्हता. ती बाहेरच्याच कपड्यांत होती, प्रवासातून परत आलेली माणसं सामान न सोडता बसून राहतात तशी.

मिस्त्री त्या बुधवारी आले तेव्हा मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. दोन आठवड्यांनी आले, तेव्हाही. मी फरशी पुसत नव्हते. वर्तुळांच्या मधून झाडत होते. उंबऱ्याजवळच्या वर्तुळावर एकदा पाण्याचा थेंब पडला आणि खडूची रेघ तिथे विरघळली, तर दुपारभर मी कामाचं एक पानही वाचू शकले नाही. स्वयंपाकघरात पाय कुठे ठेवायचा हे पायांना पाठ झालं. आणि रोज, केव्हाही, नळाखाली हात धुताना, बसची वाट बघताना, कुणीतरी दोन पायऱ्या उतरून वळायचं आणि विचारायचं, काही म्हणालीस? मी ह्या प्रश्नाकडे सगळ्या बाजूंनी बघितलं. मी तर काही म्हणाले नव्हते. मग तिला काय ऐकू आलं?

आज पाचवा रविवार आहे. मिस्त्री तिसऱ्यांदा आले. उंच, वाकलेला माणूस, आईपेक्षा थोडा लहान, भुवयांतही सिमेंट बसलेला. “ताई,” ते दारातूनच म्हणाले, “शनिवारी तुमच्या ताब्याला वर्ष होतं. त्यानंतर कंपनी हात लावणार नाही. मला कळतं हो. पण बाईंनी काढलेलं काम अर्धं राहिलं तर वर गेल्यावर मी त्यांना काय तोंड दाखवू? त्या मला तिथेही पॅड काढून बसवतील.”

मला हसू आलं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. मी बाजूला झाले.

ते जमिनीवर बसले आणि त्यांनी थापीच्या दांड्यानं प्रत्येक वर्तुळ वाजवून बघितलं. त्यांनी तळवा ठेवला नाही. मान तिरकी करून ऐकलं. बाहेरच्या खोलीतल्या एका वर्तुळाशी ते थांबले. पुन्हा वाजवलं. मग उंबऱ्याजवळच्या दोन्ही. मग वर्तुळ नसलेल्या दोन फरश्या वाजवून त्यांवर त्यांनी पेन्सिलीनं फुल्या मारल्या.

“काय झालं?”

“काही नाही. ह्या तीन भरीव आहेत. ह्या फोडायला नकोत.” ते जरा घुटमळले. “आणि ह्या दोन बाईंच्या हातून सुटल्या.”

“आईच्या हातून?” मी म्हणाले. “तिचा कान...”

“कान कुठला, ताई,” ते हळू आवाजात म्हणाले. “तीन वर्षं झाली. उजव्यानं काहीच नाही, डाव्यानं थोडं. तळव्यानं ओळखायच्या त्या. फरशी थरथरते ना, त्यावरून. दहातल्या सात-आठ बरोबर यायच्या, बाकीच्या मी मागून दुरुस्त करायचो. कंपनीत कळलं नाही कुणाला. समोरच्याच्या ओठांकडे बघत राहायच्या, म्हणून लोकांना वाटायचं, काय लक्ष देऊन ऐकतात बाई. तुम्हाला...” ते थांबले. “मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.”

मी ओट्याला पाठ टेकून उभी होते. चहा टाकते, असं मी इथूनच म्हणाले होते, भिंतीकडे तोंड करून. खुर्ची ओढून ती जवळ बसायची तेव्हा मी उठून जायचे. फोनवर ती मोठ्यानं बोलायची, मधेच “हो हो” म्हणायची, आणि मला वाटायचं, ही माझं ऐकतच नाही. आणि जिन्यात, दोन पायऱ्या उतरल्यावर, तिची पाठ माझ्याकडे होती. मी काही म्हणाले असते तरी तिला ते कळलं नसतं. तिला ते माहीत होतं. आपल्या पाठीमागे मुलगी काहीतरी म्हणाली असेल आणि आपल्याला ऐकू आलं नसेल, असं तिला वाटलं. म्हणून ती वळली. तिला काही ऐकू आलेलं नव्हतं. आपल्याकडून राहून जाऊ नये म्हणून तिनं विचारलं होतं.

मिस्त्रींनी छिन्नी काढली, मग परत ठेवली आणि पिशवीतून पॅड काढलं. आईचंच, त्या रविवारी परत जाताना तिनं त्यांच्याकडे दिलेलं. वरचं पान तेच. “एवढं राहिलं बघा. बाईंनी रिकामं सोडलंय. हे भरल्याशिवाय घाव घालायचा नाही, अशी शिकवण आहे आम्हाला.” ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले, पेन उघडून. “सांगा, ताई. तुमचं म्हणणं.”

“फरशी पोकळ आहे,” मी म्हणाले. “एक उडाली आहे. बदलून मिळावी.”

त्यांनी एकेक अक्षर दाबून लिहिलं. शेवटी टिंब दिलं. मग पॅड लांब धरून मोठ्यानं वाचलं, शाळेतल्या मुलासारखं: “फरशी पोकळ आहे. एक उडाली आहे. बदलून मिळावी.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “हेच म्हणायचं होतं ना?”

दार उघडं होतं. बाहेर जिना, कठडा, त्यावर दुपारचं ऊन. आठ वर्तुळं आता फुटणार होती. तीन राहणार होती, तिनं चुकून काढलेली, भरीव फरश्यांवरची. त्यातलं एक अगदी उंबऱ्याशी होतं, पाण्यानं एका जागी विरलेलं. मी तिथे गेले, चप्पल काढली आणि त्या वर्तुळात उभी राहिले. जिन्याच्या दोन पायऱ्या तिथून दिसतात. माझे ओठ हलले असावेत, कारण मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“काही म्हणालात, ताई?”

“हो,” मी म्हणाले. आणि जिन्याकडे तोंड करून, कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलतात तसं, एकेक शब्द सुटा करत, मोठ्यानं म्हणाले, “हो, आई. म्हणाले. जाऊ नकोस. आज रविवार आहे. राहा ना.”